पडण्या-झडण्यापुरतं जर्मन

पुण्याहून निघताना माझ्याकडे ए-वनचं प्रमाणपत्र होतं. त्या जोरावर मला कॉफी मागवता यायची, स्टेशनचा रस्ता विचारता यायचा आणि माझे छंद सांगता यायचे. छंद इथे आजवर कोणी विचारलेले नाहीत. म्हणूनच लहान मूल घेऊन जर्मनीत येणाऱ्यांना सांगते, क्लास जरूर लावा, पण पुस्तकातल्या धड्यांच्या क्रमाने जाऊ नका. डॉक्टरांकडे जायचा धडा बराच मागे असतो आणि मुलं तोवर थांबत नाहीत.

आमचं रत्न तर जन्मजात धडपड्या. श्टुटगार्टला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात किटामधून, म्हणजे बालवाडीतून, फोन आला. बाई इतक्या संथपणे बोलत होत्या की वाटलं, पालकसभेचं काहीतरी असेल. आपल्याकडे फोन करणाऱ्याच्या आवाजावरूनच निम्मं कळतं. इथे तो आधार नाही, शब्दच कळायला हवेत. ‘गेश्टुर्त्स्ट’ म्हणजे पडला, ‘बॉइल’ म्हणजे टेंगूळ, ‘प्लात्सवुंड’ म्हणजे आपटून फुटलेली जखम. टेंगूळ असेल तर हातातलं काम आवरून निघता येतं, प्लात्सवुंड असेल तर लगेच निघायचं, कारण टाके घालायचे तर ते काही तासांतच घालावे लागतात. डोक्याला मार असेल तर डॉक्टर दोन गोष्टी हमखास विचारतात: शुद्ध हरपली होती का, उलटी झाली का. ‘बेवुस्टलोस’ आणि ‘एरब्रोखन’ हे शब्द कानावर पडल्याबरोबर कळले पाहिजेत. मुलाला रात्रभर नजरेखाली ठेवायचं की घरी सोडायचं, हे बरंचसं त्या उत्तरांवर ठरतं.

आमच्या चिरंजीवांना हनुवटीला टाके पडले. बिल किती येणार या धास्तीत आम्ही होतो, पण बिल आलंच नाही. किटात, शाळेत किंवा तिथे जाता-येता झालेला अपघात नेहमीच्या आरोग्यविम्याकडे जात नाही. त्याचा खर्च सार्वजनिक अपघात विमा उचलतो. बालवाडीच्या मुलांना हे संरक्षण १९७१ पासून आहे आणि पालकांना त्याचा हप्ता भरावा लागत नाही. फक्त डॉक्टरांच्या काउंटरवर पहिला शब्द ‘किटा-उनफाल’ हा निघाला पाहिजे. अशा अपघातांसाठी नेमलेल्या डॉक्टरांना डे-आर्त्स्ट म्हणतात, जवळचा कोण ते आधीच शोधून ठेवा. किटाने अपघाताची लेखी सूचना पुढे पाठवली का, हेही विचारून घ्या. आज नुसता हललेला दात काही वर्षांनी त्रास देऊ लागला, तर ती नोंदच कामाला येते.

रुग्णवाहिकेचा ११२ नंबर सगळ्यांना पाठ असतो. तो लावल्यावर पहिला प्रश्न येतो ‘कुठे?’ आणि आपलं तिथेच अडतं. इथल्या इमारतींत फ्लॅटला बहुधा नंबर नसतो, मदतीला आलेली माणसं बेलवरचं आडनाव शोधतात. पोटभाडेकरू म्हणून राहत असाल आणि बेलवर मूळ भाडेकरूचंच नाव असेल, तर आजच्या आज आपली चिठ्ठी लावा. शिवाय आपली आडनावं अक्षरं सुटी करून सांगावी लागतात आणि घाबरलेला माणूस ती इंग्रजीतून सांगतो. इंग्रजी ‘ई’ म्हटलं की जर्मन माणूस आय लिहितो, इंग्रजी ‘ए’ म्हटलं की ई. देशपांड्यांचं त्यात काय होत असेल ते बघा. त्यापेक्षा कोलोनचा के, लाइप्झिगचा एल अशी गावांच्या नावांनी अक्षरं सांगायची पद्धत घोकून ठेवा. ही गावांची यादी २०२२ मध्ये आली. वयस्कर मंडळी अजून आंटोन-बेर्टा अशी माणसांचीच नावं घेतात, दोन्ही चालतात. आपला पत्ता असा मोठ्याने म्हणण्याची सवय करा, शेजाऱ्यांना काय वाटायचं ते वाटू दे.

एकदा भांडी घासायच्या लिक्विडची बाटली चिरंजीवांच्या तोंडाला लागली. त्याच वेळी व्हिडिओ कॉलवर सासूबाई होत्या. त्या म्हणाल्या, मिठाचं पाणी पाज आणि उलटी काढ. आपल्याकडच्या कितीतरी घरांत हेच सांगितलं जातं आणि हेच करायचं नसतं. साबणाचा फेस उलटीबरोबर फुफ्फुसात जाऊ शकतो, आणि मिठाचं पाणी लहान मुलाला स्वतःच घातक ठरू शकतं. दूधही द्यायचं नाही. जर्मनीत विषबाधेसाठी चोवीस तास चालणारी केंद्रं आहेत. आमच्या राज्याचं फ्रायबुर्गला आहे, नंबर ०७६१ १९२४०. बऱ्याच केंद्रांचा नंबर १९२४० असाच आहे, फक्त अलीकडचा शहराचा कोड बदलतो. पलीकडे डॉक्टर असतात. मुलाचं वय, वजन, काय पोटात गेलं, किती, केव्हा आणि आता कसा आहे, एवढंच त्यांना हवं असतं. बाटली हातात धरूनच फोन करा, म्हणजे नाव वाचून दाखवता येतं. आम्हाला दोन घोट पाणी आणि फेस मोडणारे थेंब द्यायला सांगितलं, तेवढ्यावर भागलं. हे थेंब औषधाच्या दुकानात मिळतात, घरात असू द्यावेत. मात्र डिशवॉशरच्या गोळ्या किंवा नाली साफ करायचं रसायन घशापासून भाजत जातं, आणि घड्याळातली चपटी बॅटरी गिळली असेल तर एकेक तास महत्त्वाचा असतो. तिथे थेट ११२. उलट रात्री नुसता ताप चढला असेल तर त्या नंबरची गरज नाही. त्यासाठी ११६११७ ही रात्रपाळीच्या डॉक्टरांची सेवा आहे. तापाला इथे सर्रास गुदद्वारातून घालायच्या गोळ्या देतात, दचकू नका.

मुलगा पाच वर्षांचा असताना त्याच्या विनापायडल सायकलने शेजाऱ्यांच्या गाडीवर लांब ओरखडा काढला. आपला स्वभाव असा की आधी हात जोडायचे, मग पाकीट काढायचं. वाईट वाटलं असं जरूर सांगा, पण पैसे कबूल करू नका आणि कागदावर सही करू नका. जर्मन कायद्यात सात वर्षांखालचं मूल नुकसानीला जबाबदार धरलं जात नाही, आणि आईबाप लक्ष ठेवण्यात कमी पडले असतील तरच जबाबदार ठरतात. बांधकामाच्या कुंपणावर ‘मुलांसाठी पालक जबाबदार’ अशी पाटी असते, तिच्यावर जाऊ नका. अडचण पुढेच आहे. कायद्याने आपण सुटलो तर शेजाऱ्याला काहीच मिळत नाही आणि जिन्यात रोज तोंड चुकवावं लागतं. म्हणून ‘हाफ्टफ्लिश्ट’, म्हणजे आपल्याकडून दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा विमा, घेताना सात वर्षांखालच्या मुलाने केलेलं नुकसानही त्यात भरून मिळतं का, हे विचारूनच घ्या.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. वर्ष-दोन वर्षांत मुलाचं जर्मन आपल्या पुढे जातं आणि मग दवाखान्यात तोच दुभाष्या होतो. आईबापांना त्याचं कौतुकही असतं. हे करू नका. ज्याचं पोट दुखतंय त्याच्याकडूनच दुखण्याचा तर्जुमा मागणं हा त्याच्यावर अन्याय आहे. घाबरलेलं मूल सुई टळावी म्हणून काहीही सांगतं. शिवाय जखम कशी झाली हे इथले डॉक्टर पुन्हापुन्हा विचारतात. सांगितलेली हकीकत जखमेशी जुळते का, हे त्यांना पाहावंच लागतं. मूल एक सांगतंय आणि आई मोडक्यातोडक्या भाषेत दुसरंच, असं दिसलं की शंका येणारच. सरकारी आरोग्यविमा दुभाष्याचे पैसे देत नाही, पण मोठ्या रुग्णालयांत फोनवर दुभाष्या मिळण्याची सोय बऱ्याचदा असते, ती मागायला लाजू नका. नाहीतर ओळखीतलं एखादं मोठं माणूस फोनवर धरा.

२०२१ पासून बर्लिनमधल्या एका भारतीय बाळाला जखमेवरून सरकारी यंत्रणेने ताब्यात घेतल्याचं प्रकरण आपल्या लोकांत सतत चर्चेत आहे. मूल काढून नेतील या भीतीने दवाखान्यात जायला उशीर करणारे आईबाप मी पाहिले आहेत. उशिराने जखमही चिघळते आणि संशयही वाढतो. आपल्या बऱ्याच बाळांच्या कमरेवर, पाठीवर जन्मतःच निळसर डाग असतात. नवख्या डोळ्याला ते मार लागून काळंनिळं पडल्यासारखे दिसू शकतात. इथे प्रत्येक मुलाची तपासण्यांची एक पिवळी वही असते. असा डाग असेल, तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडून त्या वहीत त्याची नोंद करून घ्या.