पुलाला चढलेला ताप वरून कसा मोजतात?

माठ घेताना आई तो बोटाने वाजवून बघते. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर तडा गेलेला. पुलाच्या काँक्रीटचीही अशीच परीक्षा हातोडीने ठोकून किंवा साखळी ओढून घेतात. पण त्यासाठी वाहतूक अडवावी लागते, माणसं भर रस्त्यात उभी करावी लागतात. म्हणून आता ड्रोनला किंवा विमानाला उष्णता टिपणारा कॅमेरा लावूनही पाहणी करतात.

आधी बघू, काँक्रीट आतून बिघडतं कसं? पाणी आणि क्षार सळईपर्यंत पोचले की ती गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. तो वरचं काँक्रीट उचलतो आणि मध्ये बारीकशी पोकळी तयार होते. भाकरीचा पापुद्रा सुटतो ना, अगदी तसंच! बाहेरून पूल धडधाकट दिसतो. आणि एक दिवस तो पापुद्रा निखळतो. तळाचा असेल तर खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर.

पोकळीतली हवा उष्णतेची मंद वाहक. दिवसा उन्हाची उष्णता पापुद्र्यातून खाली उतरत नाही, त्यामुळे तेवढा भाग शेजारपेक्षा जास्त तापतो. रात्री उलट, तो आधी निवतो. हा फरक डोळ्याला काय, हातालाही कळणार नाही. अमेरिकेतल्या एएसटीएम डी ४७८८ या चाचणीपद्धतीत तो किमान ०.५ अंश सेल्सिअस असावा असं म्हटलंय.

आता नीट लक्ष द्या, इथेच बरेच जण चुकतात. कॅमेऱ्याला पोकळी दिसत नाही. त्याला दिसतात फक्त पृष्ठभागातून निघणारे अवरक्त किरण. तापण्याकडून निवण्याकडे जाताना अशी एक वेळ येते, की चांगला आणि सुटलेला भाग सारख्याच तापमानाचे असतात. त्या वेळी चित्र घेतलं तर खराब पूलही ठणठणीत दिसेल! उलट ओल, तेलाचा डाग, खांबाची सावली यांमुळे चांगल्या जागीही ठिपका उमटतो. म्हणून सोबत साधा फोटो घेतात आणि संशयाच्या जागी शेवटी हातोडी लागतेच.

उंचीचंही भान हवं. समजा कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे ६४० पिक्सेल आहेत आणि त्यात ३२ मीटर रुंदी मावते. म्हणजे एक पिक्सेल ५ सेंटीमीटरचा. ३० सेंटीमीटरचा पापुद्रा ६ पिक्सेल व्यापेल, केसाएवढी चीर मात्र दिसणारच नाही. आता तुम्ही सांगा, ड्रोन दुप्पट उंच नेला तर त्याच पापुद्र्याला किती पिक्सेल मिळतील?