उचल बुडाली म्हणून माणसं धरायची नसतात

ट्रॅक्टरचा हप्ता, डिझेलचा भाव आणि मुकादमाचा फोन नंबर एवढं पाठ असलं की ऊस वाहतुकीचा धंदा जमतो, अशी आमच्या नेसरी भागात समजूत आहे. बरेच हंगाम ओढल्यावर माझं सांगणं असं, की याच्या जोडीला भारतीय न्याय संहितेचं कलम 143 वाचून ठेवा. मानवी तस्करीचं कलम. ‘मुंबईला पोरी विकणाऱ्यांचं कलम, आमचा काय संबंध?’ असं विचारणाऱ्या गाडीमालकांसाठीच हे लिहितोय.

आमच्याकडं कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार गाडीमालक करतो. थोडा ॲडव्हान्स कारखान्याचा, थोडं कर्ज बँकेचं, उरलेलं बायकोच्या दागिन्यांवर. हे पैसे पावसाळ्याआधीपासून बीड, जत, विजापूरकडच्या मुकादमाच्या हाती जायला लागतात. मुकादम कोयत्यामागं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागं, उचल वाटतो. कागद होतो तो आपला आणि मुकादमाचा. जोडीच्या हातात खरे किती पडले, हे आपण विचारत नाही आणि ती सांगत नाही.

एका हंगामात आमचा मुकादम ठरल्यापेक्षा निम्मेच कोयते घेऊन आला आणि संक्रांतीच्या सुमाराला रातोरात पसार झाला. फोन बंद. टोळी मात्र खिंडीकडच्या माळावर खोप्यांत तशीच होती. सकाळी दोन जोडपी आली. ‘मालक, आम्ही निघतो. आम्हाला पस्तीस हजारच मिळालेत, ते कामात फिटले.’ मुकादमाच्या वहीत त्यांच्या नावावर लाखाच्या वर आकडा होता.

भागीदार तापला. त्याचंही चुकीचं नव्हतं, त्याची जमीन गहाण होती. ‘एकालाबी हलू द्यायचं न्हाई. आधार कार्डं माझ्या कपाटात हाईत, ती द्यायची न्हाईत. मोबाईल काढून घेऊ, रात्री दोन पोरं बसवू. आणि गाडी काढून मुकादमाच्या गावाला जाऊ, त्याचा भाऊ उचलून आणू. पैसे कसे येत न्हाईत बघू!’ बसलेल्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या. अशी बैठक ज्यानं पाहिली नाही, असा गाडीमालक आमच्या जिल्ह्यात सापडायचा नाही.

मी त्याच दिवशी फसवणुकीच्या फिर्यादीसाठी गडहिंग्लजला वकीलबाईंकडं गेलो. त्यांनी मुकादमाचा करारनामा वाचला, बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘दादा, टोळी कुठं आहे? त्यांची कार्डं कुणाकडं आहेत? त्यांना आज जायचं म्हटलं तर जाता येईल का?’ मी फिर्यादी म्हणून गेलो होतो आणि प्रश्न आरोपीला विचारावेत तसे येत होते.

मग त्यांनी कलम समजावून सांगितलं. गुन्हा तीन भागांनी बनतो. पहिला भाग कृतीचा: माणसाची भरती करणं, वाहून नेणं, आसरा देऊन ठेवणं, दुसऱ्याच्या हवाली करणं किंवा ताब्यात घेणं. या पाचांतली एक पुरे. आमच्या धंद्यात मुकादम भरती करतो, ट्रॅक्टर वाहून आणतो आणि खोपी आमच्या माळावर असतात; म्हणजे पहिल्या भागात आम्ही सगळे आलो. अर्थात एवढ्यानं गुन्हा होत नाही, नाहीतर प्रत्येक गवंड्याचा ठेकेदार तुरुंगात दिसला असता. दुसरा भाग मार्गाचा: धमकी, बळजबरी, पळवून नेणं, फसवणूक, सत्तेचा गैरवापर, किंवा आमिष. तिसरा भाग हेतूचा, म्हणजे शोषण. त्यात शारीरिक शोषण, लैंगिक शोषण, गुलामी आणि गुलामीसारख्या प्रथा, दास्य, अवयव काढून घेणं हे आधीपासून होतं. नव्या संहितेनं, म्हणजे 1 जुलै 2024 पासून, भीक मागायला लावणंही जोडलं.

सीमा ओलांडायची अट यात कुठंच नाही. जत ते नेसरी पुरतं.

‘पण बाई, ती आपल्या पायानं आली,’ मी म्हणालो. हाच बचाव सगळे घेतात, आणि कायद्यानं तोच आधी बंद केलाय. गुन्हा ठरवताना पीडिताची संमती विचारात घ्यायची नाही, असं स्पष्टीकरण कलमातच आहे. शिक्षा किमान 7 वर्षं, कमाल 10. एकापेक्षा जास्त माणसं असतील तर किमान 10 वर्षं, कमाल जन्मठेप. टोळीत एकच माणूस कधी असतो?

वकीलबाई प्रामाणिक होत्या, त्यांनी कायद्यातली फटही दाखवली. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर फेब्रुवारी 2013 मध्ये जो वटहुकूम निघाला, त्यात शोषणाच्या व्याख्येत ‘सक्तीची मजुरी’ हे शब्द होते. दोन महिन्यांनी संसदेनं कायदा केला तेव्हा ते गळाले आणि जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 370 मधली ही उणीव तशीच 143 मध्ये आली. त्यामुळं नुसती सक्तीची मजुरी तस्करीत बसवायची तर ती ‘शारीरिक शोषण’ किंवा ‘दास्य’ आहे असा युक्तिवाद करावा लागतो. सक्तीच्या मजुरीचं वेगळं कलम 146 आहे, पण त्याला शिक्षा जास्तीत जास्त 1 वर्ष. माझं मत विचाराल तर ज्यांच्या मतांवर साखरपट्ट्यातले पुढारी निवडून येतात त्यांत वाहनमालक बरेच आणि हंगामापुरते येणारे कोयते जवळजवळ नाहीत. ही फट बुजवायची घाई कुणाला असणार?

पण या फटीवर विसंबून राहू नका. कारण 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा उभा आहे. आगाऊ रक्कम घेतली म्हणून माणसाला दुसरीकडं काम करता येत नाही किंवा हिंडता येत नाही, ही वेठबिगारी. आणि असं कर्ज त्या कायद्यानं रद्दच होतं. म्हणजे ज्या उचलीसाठी आपण माणूस अडवतो, ती अडवल्यामुळंच बुडते. रखवालीला पोरं बसवली तर बेकायदा डांबून ठेवल्याचं कलम 127. आणि मुकादमाचा भाऊ उचलून आणून पैसे मागितले तर 140 चं दुसरं पोटकलम, खंडणीसाठी अपहरण, शिक्षा जन्मठेप किंवा फाशी. मुकादमाच्या फसवणुकीला, म्हणजे 318 ला, जास्तीत जास्त 7 वर्षं. त्यानं केलेल्या गुन्ह्यापेक्षा मोठा गुन्हा आम्ही चहा पिता पिता ठरवून टाकला होता.

परतताना एसटीत हिशेब मांडला. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 रुपये झाला. एका जोडीनं दिवसाला दोन टन तोडला तर 732 रुपये. लाखाची उचल फिटायला जवळजवळ 137 दिवस, तेही एकही खाडा न होता आणि पोरं, दवाखाना, किराणा यावर एक रुपया न जाता. हंगाम तेवढा चालला तर चालला. या आकड्यांत मुकादमाच्या वहीतला खोटा लाख घातला, की ते जोडपं पुढच्या वर्षीही कुणाचं तरी बांधलेलंच. वाढलेल्या दराची ही गत.

संध्याकाळी भागीदाराशी भांडून कार्डं काढली आणि खोपीवर नेऊन ज्याची त्याला दिली. ज्यांना जायचं होतं ती दोन जोडपी गेली. उरलेल्यांशी मुकादमाला वगळून थेट ठरवलं, दर पंधरवड्याला रोख. ती हंगाम संपेपर्यंत राहिली. नुकसान झालं नाही असं नाही. मुकादमाची केस अजून तारखांवर आहे आणि भागीदार माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो.

मार्गांतलं शेवटचं, आमिषाचं, अजून सांगायचं राहिलं. ज्याच्या ताब्यात माणूस आहे त्याला पैसे किंवा फायदा देऊन त्याची संमती मिळवणं, हेही त्यात येतं. सप्टेंबर 2022 मध्ये नाशिक जिल्ह्यात इगतपुरीजवळच्या उभाडे इथल्या कातकरी वस्तीवरची एक मुलगी दगावली, तेव्हा उघड झालं की तिथली लहान पोरं नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडं राबायला दिली होती. मोबदला म्हणून आईबापांना काही हजार रुपये नाहीतर एखादी मेंढी. ‘आईबापांनीच दिली’ असं म्हणून सुटता येत नाही, ते याचसाठी. आमच्या गडहिंग्लज भागाला हे कळायला नाशिकला जायची गरज नाही. यल्लमा देवीला सोडलेल्या, म्हणजे देवदासी केलेल्या पोरी घरच्यांच्या संमतीनंच मुंबईला गेल्या, आणि त्याविरुद्ध प्रा. विठ्ठल बन्ने यांच्यासारख्यांना इथं आयुष्य घालवावं लागलं. लहान मुलांच्या बाबतीत संयुक्त राष्ट्रांचा 2000 सालचा करार मार्ग सिद्ध करायलाच लावत नाही, कृती आणि हेतू पुरे. आपल्या कलमात तशी सूट लिहिलेली नाही, म्हणून पोराच्या बापाला कुणी काय दिलं, हे शोधून काढणं फार महत्त्वाचं.

आता शिकलेल्या पोरांबद्दल. थायलंडला डेटा एन्ट्रीची नोकरी म्हणून नेऊन म्यानमारमध्ये ऑनलाइन फसवणुकीला बसवलेल्या सुमारे 60 भारतीयांना एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्र सायबरनं सोडवून आणलं. पासपोर्ट काढून घेतलेला आणि ‘सोडायचं तर पैसे भर’: खोपीवरचीच तऱ्हा, फक्त संगणकासमोर. एजंट टुरिस्ट व्हिसावर नोकरीला पाठवतो म्हणाला, की तिथंच उठा. परवानाधारक एजंटाला उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही.

घरचं माणूस असं अडकलं तर ठाण्यात जाऊन ‘हरवलाय’ एवढंच सांगू नका. तसं सांगितलं की हरवल्याची नोंद होते आणि कागद तिथंच थांबतो. कुणी नेलं, कशात बसवून, काय सांगून, पैसे कुणी कुणाला दिले, तिथं गेल्यावर काय काम निघालं आणि परत येतो म्हटल्यावर काय झालं, या क्रमानं सांगा. कृती, मार्ग, हेतू त्यात आपोआप येतात. मोबाईलमधले मेसेज, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, गाडीचा नंबर पुसू नका, एजंटानं सांगितलं तरी. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर घेता येतो, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तशी तरतूद आहे. तातडीला 112, लहान मूल असेल तर 1098, फुकट वकिलासाठी 15100. मजूर डांबलेले असतील तर जिल्हाधिकारी किंवा प्रांत कार्यालयातही अर्ज द्या. वेठबिगार म्हणून सुटका झाली की 30,000 रुपयांपर्यंतची तातडीची मदत लगेच मिळू शकते, पुढच्या पुनर्वसनाला मुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, ते मागून घ्या.

गाडीमालकांना एवढंच: उचल कोयत्याच्या स्वतःच्या बँक खात्यावर टाका, बायकोचं खातं वेगळं असेल तर तिचा वाटा तिच्यावर. कार्डाची झेरॉक्स घ्या, कार्ड घेऊ नका. मुकादम नुसत्या वहीवर व्यवहार करायचा म्हणाला तर दुसरा मुकादम बघा.