व्हीपीसी पीअरिंग सोप्या भाषेत: दोन गाळ्यांच्या भिंतीतला दरवाजा



समजा, तुमचा लोणची-मसाल्यांचा ऑनलाइन धंदा आहे. ऑर्डर घेणारं ॲप एडब्ल्यूएसवर तुमच्या खात्यात चालतं. स्टॉक आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर एका एजन्सीकडे आहे, तेही एडब्ल्यूएसवरच, पण त्यांच्या खात्यात. आता ॲपला स्टॉकचा डेटाबेस वाचायचा आहे. डेव्हलपर म्हणतो, "सर, डेटाबेस पब्लिक करून टाकू, पाच मिनिटांचं काम."

इथे थांबा. डेटाबेस पब्लिक केला आणि सगळ्या जगाला वाट मोकळी ठेवली, की तुमच्या गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर आणि पत्ते यांच्यासमोर फक्त एक पासवर्ड उरतो. असे उघडे डेटाबेस शोधणारे प्रोग्राम इंटरनेटवर दिवसरात्र फिरत असतात. या कामासाठी चांगली सोय आहे, तिचं नाव व्हीपीसी पीअरिंग. तुम्हाला ती स्वतःच्या हाताने करावी लागणार नाही, पण डेव्हलपरला चार प्रश्न विचारता आले पाहिजेत. तेवढं आज शिकूया.

आधी व्हीपीसी म्हणजे काय?

व्हीपीसी म्हणजे क्लाउडमधलं तुमचं खासगी नेटवर्क. इंडस्ट्रियल इस्टेट डोळ्यांसमोर आणा. इमारत एकच, पण प्रत्येकाचा गाळा वेगळा, कुलूप वेगळं. शेजारच्या गाळ्यात काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही. तुमचे सर्व्हर आणि डेटाबेस हे त्या गाळ्यातलं सामान. प्रत्येक सामानाला एक नंबर असतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. गाळा घेतानाच नंबरांचा एक पट्टा ठरवायचा असतो. उदाहरणार्थ, १०.१०.०.०/१६ या पट्ट्यात ६५,५३६ नंबर येतात.

पीअरिंग म्हणजे दोन गाळ्यांच्या मधल्या भिंतीत पाडलेला दरवाजा. माल रस्त्यावर न नेता आतून इकडचा तिकडे जातो. एडब्ल्यूएसने ही सोय २०१४ मध्ये आणली. तेव्हा दोन्ही गाळे एकाच रीजनमध्ये असावे लागत. २०१७ पासून वेगवेगळ्या रीजनमध्येही असा दरवाजा पाडायची सोय सुरू झाली, आणि आता मुंबई आणि सिंगापूरमध्येसुद्धा तो पाडता येतो.

दरवाजा उघडायच्या चार पायऱ्या

तुमचा पट्टा १०.१०.०.०/१६ आणि एजन्सीचा १०.२०.०.०/१६ असं धरू.

१. विनंती. एका बाजूने पीअरिंगची विनंती पाठवायची. तुम्ही पाठवा किंवा एजन्सीने पाठवू दे, चालतं.

२. होकार. समोरच्याने ती स्वीकारायची. ७ दिवसांत स्वीकारली नाही तर ती बाद होते. दोन्ही मालकांची संमती असल्याशिवाय भिंत फोडता येत नाही.

३. रस्त्याची पाटी. होकार आला म्हणजे काम झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण दरवाजा कुठे आहे हे सामानाला अजून माहीतच नाही! प्रत्येक नेटवर्कमध्ये रूट टेबल असतं. तुमच्या रूट टेबलमध्ये लिहायचं: १०.२०.०.०/१६ कडे जायचं असेल तर पीअरिंगच्या दाराने जा. एजन्सीने त्यांच्याकडे लिहायचं: १०.१०.०.०/१६ कडे जायचं तर त्याच दाराने जा. पाटी दोन्हीकडे लागते. एकाच बाजूला लावली तर प्रश्न पोचतो आणि उत्तर वाट चुकतं. मग ॲप नुसतं गोल फिरत बसतं आणि शेवटी टाइमआउट देतं.

४. वॉचमन. आता सिक्युरिटी ग्रुप. दरवाजा आहे, पाटी आहे, पण कोणाला आत सोडायचं हे वॉचमन ठरवतो. एजन्सीच्या डेटाबेसच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये फक्त तुमच्या ॲपच्या पत्त्यांना आणि फक्त एका पोर्टला परवानगी द्यायची. मायएसक्यूएल असेल तर तो पोर्ट साधारणपणे ३३०६ असतो. "सगळं उघडं ठेवू, नंतर बघू" हे चालवून घेऊ नका. दरवाजा दोन्ही बाजूंनी उघडतो. एजन्सीकडे चोर शिरला, तर तोच दरवाजा तुमच्याकडेही येतो. म्हणून तुमच्या बाजूचा वॉचमनही तितकाच कडक हवा.

सगळ्यात महाग पडणारी अडचण

दोन्ही गाळ्यांचे नंबरांचे पट्टे एकमेकांत मिसळत असतील तर पीअरिंग होतच नाही. दोन्ही गाळ्यांत "कपाट नंबर ५" असेल तर हमालाने कुठल्या कपाटाकडे जायचं?

आता नीट ऐका. एडब्ल्यूएसचं खातं उघडलं की एक तयार व्हीपीसी मिळतो, त्याला डीफॉल्ट व्हीपीसी म्हणतात. त्याचा पट्टा सगळ्यांना एकच असतो: १७२.३१.०.०/१६. घाईत असलेला नवा उद्योजक त्यातच सगळं मांडून बसतो. एजन्सीनेही तेच केलेलं असतं. वर्षभराने दोघांना जोडायची वेळ आली की कळतं, हे जुळणारच नाही. व्हीपीसीचा मूळ पट्टा नंतर बदलता येत नाही. नवा व्हीपीसी करून सगळं सामान हलवावं लागतं. तो खर्च आणि त्या काळात बंद राहणारं दुकान, दोन्ही तुमच्याच माथी.

उपाय फुकटचा आहे. पहिल्या दिवशी एक साधी वही किंवा एक्सेल शीट करा. मुख्य कामाला १०.१०, चाचणीला १०.११, पुढच्या शाखेला १०.१२, असे पट्टे लिहून ठेवा. नवीन भागीदार आला की आधी त्याचा पट्टा विचारा, मगच पुढचं बोलणं.

व्याह्यांचे व्याही

अजून एक नियम. तुमची पीअरिंग एजन्सीशी आहे आणि एजन्सीची एका कुरिअरवाल्याशी आहे, म्हणून तुम्ही आपोआप कुरिअरवाल्याशी जोडले जात नाही. व्याह्यांचे व्याही आपले व्याही होत नाहीत, तसंच हे. तुम्हाला त्याच्याशी बोलायचं तर वेगळी पीअरिंग हवी. तसंच, एजन्सीचं इंटरनेट कनेक्शन किंवा ऑफिसचा व्हीपीएनही या दरवाजातून तुम्हाला वापरता येत नाही.

सुरक्षेसाठी हा नियम चांगलाच आहे, पण संख्या वाढली की त्रास होतो. सगळ्यांना सगळ्यांशी जोडायचं तर ३ नेटवर्कना ३ दरवाजे, ५ ना १०, आणि १० ना थेट ४५ दरवाजे लागतात. अशा वेळी ट्रान्झिट गेटवे बघा. तो एसटी स्टँडसारखा असतो, सगळ्या गाड्या एकाच ठिकाणी येतात. पण त्याला प्रत्येक जोडणीमागे तासाचं भाडं आहे, वर डेटाचं वेगळं. दोन-तीन नेटवर्कसाठी तो घेऊ नका. आणि समोरच्याची फक्त एकच सेवा वापरायची असेल तर प्रायव्हेटलिंक विचारा. त्यात पूर्ण दरवाजाऐवजी फक्त एक खिडकी उघडते आणि पट्टे सारखे असले तरी चालतं.

खर्च किती?

पीअरिंग उभी करायला पैसे लागत नाहीत. एकाच अव्हेलेबिलिटी झोनमध्ये डेटा गेला तर त्याचेही लागत नाहीत. झोन वेगळे असतील तर साधारण दर जीबीला १ सेंट, तोही दोन्ही बाजूंना. म्हणजे महिन्याला ५०० जीबी गेले तर दोघांचे मिळून १० डॉलर. वेगळ्या रीजनमध्ये दर जास्त. हे दर बदलतात, म्हणून सही करण्याआधी ताजे दर बघा आणि कोणाचा वाटा कोण भरणार ते करारात लिहून घ्या.

आजचा गृहपाठ

डेव्हलपरला हे चार प्रश्न विचारा:

१. आपल्या व्हीपीसीचा पट्टा कोणता? डीफॉल्टच आहे का?
२. ज्यांच्याशी जोडायचं त्यांचा पट्टा कोणता?
३. रूट टेबलमध्ये दोन्हीकडे नोंद झाली का?
४. सिक्युरिटी ग्रुपमध्ये नेमकं कोणाला आणि कुठल्या पोर्टवर सोडलंय?

उत्तरं वहीत लिहा, तारीख टाका. "बघून सांगतो" असं उत्तर आलं तर तो आठवडा जाऊ दे, पण उत्तर येईपर्यंत डेटाबेस पब्लिक करायला परवानगी देऊ नका. गिऱ्हाइकाने त्याचा फोन नंबर तुमच्या भरवशावर दिलाय, एजन्सीच्या नाही.