पहिली मोटार : निवड आणि हिशेब



मोटार बाळगणें ही गोष्ट एके काळीं खानदेशांत वकील, डॉक्टर आणि कपाशीच्या जिनांचे मालक यांच्यापुरतीच होती. आज तसें राहिलेलें नाहीं. कपाशीचा किंवा केळीचा एखादा हंगाम बरा गेला, कीं घरांत मोटारीचा विषय निघतो, आणि तो काढणारें बहुधा सतरा-अठरा वर्षांचें मूलच असतें. पहूरला ही इच्छा अधिकच साहजिक म्हटली पाहिजे. आमचें गांव जळगांवहून छत्रपति संभाजीनगरास जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेलें. पाचोरें-जामनेर ही अरुंद रुळांची आगगाडी आमच्या स्टेशनावरून जात असे, ती २०२० सालीं बंद पडली, आणि तेव्हांपासून जाणेंयेणें सर्वस्वीं रस्त्यावर अवलंबून राहिलें. महाविद्यालय जळगांवास, तालुक्याचें काम जामनेरास, आणि घरीं पाहुणे आले कीं त्यांना अजिंठ्याचीं लेणीं दाखवावयाचीं. तेव्हां या इच्छेला आम्ही हंसत नाहीं. मात्र मोटार पाहून हरखणें आणि मोटार निवडणें या दोन भिन्न क्रिया असून दुसरीचा अभ्यास करावा लागतो, एवढेंच येथें मांडावयाचें आहे.

या अभ्यासाचा पहिला धडा कायद्याचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें वयाचीं १८ वर्षें पुरीं झाल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालवितां येत नाहीं. सोळाव्या वर्षानंतर जी सवलत आहे ती ५० सी.सी. पर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीपुरती, आणि तसली दुचाकी आज दुकानांत बहुधा मिळत नाहीं. बिनगिअरची स्कूटर सोळाव्या वर्षीं चालते असा एक समज सर्वत्र पसरलेला दिसतो; परंतु त्या स्कूटरचें इंजिन बहुधा ११० सी.सी. च्या आसपास असतें, आणि केवळ गिअर नाहीं म्हणून ती या सवलतींत बसत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें तर सर्वांत मोठा भार पालकांवर टाकला आहे. अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडल्यास पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड सांगितला आहे, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांकरितां रद्द होते, आणि त्या मुलास वयाचीं २५ वर्षें पुरीं होईपर्यंत परवाना मिळत नाहीं. ‘मला ठाऊक नव्हतें’ हें सिद्ध करण्याचें ओझेंहि पालकावरच पडतें. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरांत एका भरधांव मोटारीच्या धडकेनें दुचाकीवरील दोन तरुण अभियंते ठार झाले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता असा आरोप असून, त्या प्रकरणांत त्याच्या वडिलांसहि अटक झाली. ती मोटार कोटीच्या वर किमतीची होती. आमच्या विषयाशीं तिचा संबंध एवढाच, कीं वय आणि परवाना यांचा प्रश्न किमतीच्या प्रश्नाआधीं येतो.

अठरा वर्षें पुरीं होतांच शिकाऊ परवाना काढावा. तो सहा महिने चालतो, आणि निदान ३० दिवस शिकल्यावर पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येते. शिकतांना शेजारीं परवाना असलेला शिकविणारा बसलेला असावा व गाडीस पुढेंमागें तांबडें ‘एल’ अक्षर लावलेलें असावें. मोटार घेण्याची घाई या परीक्षेनंतर करावी, आधीं नव्हे. कारण शिकाऊ हातानें नव्या गाडीचा क्लच जळतो तो खर्च कोणाच्याच अंदाजपत्रकांत नसतो.

स्वस्त मोटार हें आपल्या देशाचें जुनें स्वप्न आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, व तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें फियाट आणि पद्मिनी या गाड्या निघाल्या. त्या काळीं पैसे हातीं असूनहि नंबर लावून वर्षानुवर्षें थांबावें लागे. आजोबांस विचारल्यास ते सांगतील. १४ डिसेंबर १९८३ रोजीं मारुति ८०० ची पहिली चावी ग्राहकाच्या हातीं पडली आणि ७९६ सी.सी. च्या त्या लहानशा इंजिनानें मध्यम स्थितींतील माणसाच्या दारांत मोटार आणून उभी केली. २०१४ सालीं तिचें उत्पादन थांबलें. तरी अनेकांची पहिली मोटार तीच होती.

पण आमच्या विषयाला खरा उजेड पाडणारी गोष्ट नॅनोची आहे. भर पावसांत एका स्कूटरवर बसून चाललेलें चौघांचें कुटुंब पाहून आपणांस हिची कल्पना सुचली, असें रतन टाटा सांगत. जानेवारी २००८ मध्यें ती लोकांपुढें आली व २००९ सालीं विक्रीस निघाली. किंमत एक लाख, हा शब्द पाळण्यासाठीं गिरीश वाघ यांच्या हाताखालच्या अभियंत्यांनीं काय काय काटकसर केली, तें पाहण्यासारखें आहे : इंजिन दोनच सिलिंडरांचें, ६२४ सी.सी. चें, आणि तेंहि मागें. कांच पुसावयास वायपर एकच. चाकाला चाराऐवजीं तीनच नट. मागचा दरवाजा आरंभीं उघडतच नसे. अभियांत्रिकीच्या दृष्टीनें हें काम थोर होतें, असें आमचें मत आहे. तरी लोकांनीं ती पाहिजे तशी उचलली नाहीं, आणि २०१८ च्या सुमारास तिचें उत्पादन संपलें. कारणें अनेक सांगतात. त्यांतील एक असें, कीं ‘सर्वांत स्वस्त’ हें बिरुद मिरविणारी वस्तु दारांत उभी करावयास माणूस लाजतो. या लाजेचा मात्र आम्हांस राग येतो. शेजाऱ्यास काय वाटेल या प्रश्नानें जेवढीं कर्जें झालीं आहेत तेवढीं दुष्काळानेंहि क्वचितच झालीं असतील.

नॅनोच्या गोष्टीला दुसरी एक बाजू आहे, ती लाजेची नव्हे तर जिवाची. २०१४ च्या आरंभीं ग्लोबल एन-कॅप या संस्थेनें भारतांत विकल्या जाणाऱ्या पांच मोटारी ताशीं ६४ किलोमीटर वेगानें अडथळ्यावर आपटून पाहिल्या. अल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो आणि पोलो या त्या पांच. प्रौढ प्रवाशांच्या रक्षणाकरितां एकीलाहि एक तारा मिळाला नाहीं. पुढची गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे : याच पोलोची दोन एअरबॅगा असलेली गाडी आपटली तेव्हां तिला चार तारे मिळाले. नांव तेंच, रूप तेंच. फरक डोळ्यांना न दिसणाऱ्या पिशव्यांचा. म्हणून स्वस्त मोटार शोधतांना काटकसर कोठें करावी व कोठें करूं नये, याची रेषा येथें ओढावी. रंग, चाकांच्या चकत्या, गाण्याचें यंत्र, मोठा पडदा यांत वाटेल तेवढी करावी. ब्रेक, पट्टे, टायर आणि एअरबॅगा यांत एक रुपयाचीहि करूं नये.

सुदैवानें कायद्यानें ही निवड आतां सोपी केली आहे. चाकें अडकून गाडी घसरूं नये म्हणून असणारी ए.बी.एस. ही ब्रेकची व्यवस्था एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींस सक्तीची झाली. चालकापुढील एअरबॅग १ जुलै २०१९ पासून. आणि शेजारच्या प्रवाशापुढील एअरबॅग २०२२ च्या आरंभापासून सर्वांस. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एन-कॅप ही आपली स्वतःची परीक्षाहि सुरू झाली आहे. यावरून आमचा साधा नियम असा : जुनी मोटार घेणें असेल तर निदान २०१९ च्या उत्तरार्धांतील किंवा त्यानंतरची घ्यावी, आणि साधल्यास २०२२ नंतरची. बारा-चौदा वर्षांची गाडी दीड लाखांत मिळते हें खरें. पण आमच्या रस्त्यावर रात्रीं कपाशीनें भरलेली, मागें दिवा नसलेली ट्रॉली अचानक पुढें येते, तेव्हां त्या वांचविलेल्या पैशांचा कांहीं उपयोग नसतो. आणि पट्टा न बांधल्यास एअरबॅगहि नीट वांचवीत नाहीं. मागें बसणाऱ्यांनींहि तो बांधावयाचा असतो.

आतां हिशेब. समजा, चार लाख रुपये कर्ज दरसाल दर शेंकडा १० व्याजानें पांच वर्षांकरितां काढलें. महिन्याचा हप्ता सुमारें ८,५०० रुपये येतो, आणि एकंदर व्याज सुमारें १,१०,००० होतें. विक्रेता म्हणेल, “भाऊ, सात वर्षें करा, हप्ता हलका होईल.” होतो खरा, सुमारें ६,६४० चा, पण व्याज सुमारें १,५८,००० वर जातें, आणि शेवटचा हप्ता भरतेवेळीं गाडी पार जुनी झालेली असते. शिवाय नोकरदाराचा पगार महिन्याच्या महिन्याला येतो, कपाशीचा पैसा दिवाळीच्या आगेंमागें येतो, आणि हप्त्याची तारीख मात्र जूनमध्यें बियाणें-खतांच्या वेळींहि चुकत नाहीं. ट्रॅक्टरच्या कर्जास सहामाही हप्ते बांधून देतात. मोटारीच्या कर्जासहि तसें होईल काय, हें शेतकरी पालकांनीं सही करण्यापूर्वीं अवश्य विचारावें.

हप्त्याहून मोठा खर्च पुष्कळदां पेट्रोलचा असतो. जळगांवास जाऊन येण्यास ८० किलोमीटर धरूं, गाडी लिटरला १६ किलोमीटर देते असें धरूं, आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर धरूं. एका दिवसास पांच लिटर, म्हणजे ५२५ रुपये. महाविद्यालयाचे २५ दिवस धरल्यास महिन्याला १३,१२५ रुपये. एवढ्यांत विमा, टायर आणि दुरुस्ती आलेली नाहीं. याउलट एस.टी. चा पास विद्यार्थ्यांस मोठ्या सवलतींत मिळतो, आणि मार्च २०२३ पासून महिलांस तिकीटहि अर्धेंच पडतें. तेव्हां रोजच्या शिक्षणाकरितां एस.टी. आणि आजारपण, लग्नकार्य, बाजार यांकरितां घरची मोटार, अशी वांटणी आम्हांस शहाणपणाची वाटते. पहिली मोटार मुलाची नसून घराची असावी. म्हणजे तिच्या निवडींत आईचें मतहि घेतलें जातें, आणि आजीला चढतां-उतरतां येईल अशी आसनाची उंची आहे कीं नाहीं हेंहि कोणीतरी पाहतें.

नवी कीं जुनी, हा वाद पुष्कळ चालतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जी.एस.टी. २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळें नवीकडे कल झुकणें स्वाभाविक आहे. तथापि नव्या हाताला ओरखडे काढावयाचेच असतात. ते तीन-चार वर्षें वापरलेल्या गाडीवर निघालेले बरे. दुकानांतून बाहेर पडतांच नव्या गाडीची किंमत उतरते, तो तोटा पहिल्या मालकानें सोसलेला असतो.

जुनी गाडी पाहावयास सकाळीं जावें, आणि ओळखीचा मेस्त्री बरोबर न्यावा. “एकाच हाताची आहे, डॉक्टरसाहेबांची गाडी” हें वाक्य सर्व गांवीं ऐकूं येतें. खानदेशांत इतके डॉक्टर असते तर आजार उरला नसता. इंजिन थंड असतांना सुरू करवावें. तें आधींच तापवून ठेवलें असेल तर कांहीं लपविलें असण्याचा संभव असतो. धूर निळसर असेल तर ऑइल जळतें, काळा असेल तर पेट्रोल नीट जळत नाहीं. ऑइल भरण्याचें झांकण उघडून पाहावें. आंत दुधाळ साय दिसली तर ऑइलमध्यें पाणी मिसळत असल्याची शंका घ्यावी. मीटर मागें फिरवितां येतो, पण ब्रेकच्या पायदाबाचें रबर, स्टिअरिंगची चकाकी आणि चालकाचें आसन यांची झीज सहसा खोटें सांगत नाहीं. दरवाजांच्या फटी दोन्हीं बाजूंस सारख्या आहेत काय, बॉनेटखालीं नवें वेल्डिंग आहे काय, यावरून ठोकलेली गाडी ओळखतां येते. टायरवर चार आंकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यांत बनलेला. शेवटीं चावी फिरवून समोरच्या फळीवरील एअरबॅगचा दिवा पाहावा. तो क्षणभर लागून विझला पाहिजे. विझतच नसेल तर बिघाड आहे. मुळींच लागत नसेल तर तो कोणी काढून टाकला असण्याचा संभव आहे, आणि अशी गाडी कितीहि स्वस्त असली तरी तेथून उठावें.

कागदांत आर.सी. वरील इंजिन व चॅसिसचे नंबर गाडीवरील नंबरांशीं ताडून पाहावे. बँकेचा बोजा असल्यास तो उतरल्याचा दाखला घ्यावा, आणि दंडाचीं चलनें थकलीं आहेत काय हें परिवहन खात्याच्या ॲपवर पाहावें. बऱ्हाणपुराकडील गाडी स्वस्त दिसते, परंतु परराज्यांतील गाडीस तेथील ना-हरकत दाखला आणि महाराष्ट्राचा कर हे दोन्ही लागतात. तो खर्च किमतींत आधींच मिळवावा. पैसे दिल्यावर २९ व ३० नंबरचे फॉर्म भरून गाडी नांवावर करून घेण्यास पुष्कळजण आळस करितात. विकणाऱ्यानें तर तो मुळींच करूं नये; कारण नोंदणींत ज्याचें नांव आहे तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिलेला आहे. घेणाऱ्यास नोंदणीच्या अर्जाकरितां ३० दिवसांची मुदत असते. विमा आपल्या नांवावर करून घेण्याचा अर्ज मात्र १४ दिवसांच्या आंत द्यावा लागतो.