सत्तरीचं कार्ड आणि महिन्याच्या गोळ्या

प्रश्न : आम्ही गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरचे. बाबा 73 वर्षांचे. घरी केशरी रेशन कार्ड आहे, बाबांचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढलं. त्यावर त्यांची अँजिओप्लास्टी झाली. भरती असताना एक इंजेक्शन मात्र बाहेरच्या मेडिकलमधून आणायला लावलं. सुट्टी झाल्यापासून महिन्याला 2,240 रुपयांच्या गोळ्या लागतात. मेडिकलवाले म्हणतात, कार्ड इथे चालत नाही. पाच लाखांचं कवच असताना हा खर्च आमच्या माथी का?
— एक वाचक, फुलचूर

उत्तर : मेडिकलवाले खरं तेच सांगत आहेत, आणि ते ऐकून तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे. 29 ऑक्टोबर 2024 पासून केंद्राने सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारतमध्ये घेतलं. पण ही योजना भरती होऊन घेतलेल्या उपचारांची आहे. औषधं मिळतात ती भरतीच्या आधीचे 3 दिवस, भरती असेपर्यंत आणि सुट्टीनंतर 15 दिवस. सोळाव्या दिवसापासून खर्च घरचा. अमेरिकेत ज्येष्ठांच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यात घरी घ्यायच्या औषधांसाठी 2006 पासून वेगळा भाग आहे आणि 2025 मध्ये रुग्णाच्या खिशातून वर्षाला 2,000 डॉलरपेक्षा जास्त जाऊ नयेत अशी मर्यादा घातली गेली. आपल्याकडे तसा भागच नाही. हृदयरोग्याला गोळ्या वर्षानुवर्षं लागतात, म्हणून ही उणीव मला फार मोठी वाटते.

इंजेक्शनचं मात्र वेगळं आहे. उपचार कॅशलेस म्हणजे भरतीतली औषधंही त्यातच आली. पॅकेजमधलं औषध बाहेरून विकत आणायला सांगता येत नाही. बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे लेखी तक्रार द्या. दाद लागली नाही तर आयुष्मान भारतच्या 14555 किंवा राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या 155388 वर नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. त्याच आरोग्यमित्राला आणखी एक विचारा : बाबांच्या उपचाराला पाठपुराव्याचं वेगळं पॅकेज आहे का? राज्याच्या यादीत काही उपचारांना ते असतं, पण आपण विचारल्याशिवाय सहसा कोणी सांगत नाही.

आता 2,240 रुपयांकडे वळू. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. तुम्ही सांगितलेली रक्कम जुन्या 12 टक्क्यांच्या छापील किमतीची असेल, तर मूळ 2,000 वर 5 टक्के धरून 2,100 व्हायला हवेत. पाकिटावर जुनी किंमत छापलेली असली तरी नव्या दरानेच पैसे घ्यायचे आहेत. दुकानात कंपनीची सुधारित दरयादी मागा. शिवाय ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, अटोरव्हास्टॅटिन ही औषधं अत्यावश्यक यादीत आहेत. त्यांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण ठरवतं आणि ‘फार्मा सही दाम’ ॲपवर ती बघता येते.

खरी बचत मात्र 140 रुपयांची नाही, त्याहून मोठी आहे. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करा. तिथे तीच औषधं ब्रँडेड गोळीच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. रक्तदाब किंवा साखरेच्या गोळ्या असतील तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही विचारा. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांत उपचार मोफत आहेत. हा निर्णय त्या विभागापुरताच आहे. गोंदियाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतं, तेव्हा तिथे मोफत धरून जाऊ नका.

पैसे कमी पडले म्हणून एक दिवसही गोळी चुकवू नका, विशेषतः रक्त पातळ ठेवणारी. ती चुकली तर अँजिओप्लास्टीत बसवलेल्या स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढतो. ब्रँड बदलायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि इंजेक्शनची तक्रार लांबणीवर टाकू नका. बिल हातात आहे तोवर याच आठवड्यात द्या.