हेतू नव्हे, नमुना

२०१४ च्या जूनमध्ये अ‍ॅस्कॉटच्या गोल्ड कप शर्यतीत इस्टिमेट ही घोडी दुसरी आली. ती इंग्लंडच्या राणीच्या मालकीची, आणि आदल्याच वर्षी हाच कप जिंकलेली. शर्यतीनंतर घेतलेल्या तिच्या नमुन्यात मॉर्फिन निघालं. त्याच सुमारास इतर ट्रेनरांच्या काही घोड्यांतही ते निघालं आणि तपास खाद्याकडे वळला. अफूच्या झाडाचा अंश कुठंतरी चंदीत मिसळला गेला होता. कुणी इंजेक्शन दिलं नव्हतं, कुणाचा डाव नव्हता. ट्रेनरला शिक्षा झाली नाही, पण इस्टिमेटचा दुसरा क्रमांक आणि त्याचं बक्षीस गेलं. हा निकाल अनेकांना अन्यायाचा वाटतो. मला तो योग्य वाटतो. घोडा सांभाळणाऱ्यानं आणि घोड्यात पैसे घालणाऱ्यानंही तो योग्य का, हे वेळीच समजून घ्यावं, कारण नमुना सदोष ठरल्यानंतर सुरू होणारी धावपळ बहुतेक वेळा वायाच जाते.

या नियमांचा पाया साधा आहे. धावताना घोड्याच्या अंगात मनाई असलेलं द्रव्य असता कामा नये. ते कुणी दिलं, कशासाठी दिलं हे प्रश्न ट्रेनरला शिक्षा किती करायची हे ठरवताना येतात. घोड्याचा क्रमांक ठरवताना येत नाहीत. घोडदौडीच्या आंतरराष्ट्रीय करारातलं सहावं कलम याच तत्त्वावर उभं आहे आणि आपल्याकडच्या टर्फ क्लबांचे नियमही त्याच वळणाचे आहेत. हेतू हा निकष मानला तर काय होतं, हे २०२१ च्या केंटकी डर्बीनं दाखवलं. पहिल्या आलेल्या मेडिना स्पिरिटच्या रक्तात बीटामेथासोन सापडलं, मिलिलिटरमागे २१ पिकोग्रॅम. ट्रेनर बॉब बॅफर्ट यांच्या बाजूचं म्हणणं असं, की ते कातडीच्या विकारावर लावलेल्या मलमातून आलं, सांध्यात दिलेल्या इंजेक्शनातून नाही. मूत्राची पुन्हा तपासणी झाली, वकिलांच्या फैरी झडल्या, महिने गेले. मलमाची गोष्ट खरी धरली तरी शर्यतीच्या दिवशी ते द्रव्य रक्तात नको होतं, ही बाब बदलत नव्हती. फेब्रुवारी २०२२ मध्ये घोडा बाद झाला आणि दुसऱ्या आलेल्या मँडलूनला विजेता ठरवलं गेलं. हेतू तपासत बसायचं तर प्रत्येक दोषी माणूस खाद्याचं, मलमाचं किंवा शेजारच्या तबेल्याचं कारण पुढे करील, आणि प्रामाणिक माणसाचं खरं कारणही त्या गर्दीत हरवेल. शिवाय मागे राहिलेला घोडा काहीही न घेता धावलेला असतो. त्याच्या हक्काचं काय?

यावर पहिला आक्षेप येतो तो प्रमाणाचा. एका ग्रॅमच्या लाख कोटींच्या भागाला पिकोग्रॅम म्हणतात. एवढ्याशानं घोडा जोरात धावतो का? धावत नाही, हे मान्य. पण प्रयोगशाळेला फक्त शर्यतीनंतरचा नमुना दिसतो. आधी किती दिलं होतं आणि त्यातलं किती उतरलं, हे त्या एका आकड्यावरून ठामपणे सांगता येत नाही. आज उरलेला कण कालच्या मोठ्या मात्रेची शेपूटही असू शकतो. आणि नियम आंधळे आहेत असंही नाही. जी द्रव्यं घोड्याच्या शरीरात किंवा वैरणीत नैसर्गिकपणे असतात त्यांना मर्यादा आखून दिल्या आहेत. लसूणघासातून सॅलिसिलिक आम्ल येतं, म्हणून मूत्रात मिलिलिटरमागे ७५० मायक्रोग्रॅमपर्यंत ते चालतं. कोबाल्ट जीवनसत्त्वातून येतं, त्याला मूत्रात १०० नॅनोग्रॅमची सीमा आहे. नळीनं खायचा सोडा पाजून स्नायूंचा थकवा लांबणीवर टाकण्याची युक्ती पकडण्यासाठी रक्तातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडवर लिटरमागे ३६ मिलिमोलची मर्यादा आहे. म्हणजे सवलत आहे, पण ती विज्ञानानं मोजून आधी जाहीर केलेली आहे. चौकशीच्या टेबलावर कुणाचा चेहरा पाहून द्यायची नाही. २०१८ मध्ये सँटा अनिता डर्बी जिंकलेल्या जस्टिफायच्या नमुन्यात स्कोपोलामिन निघालं. कॅलिफोर्नियाच्या घोडदौड मंडळानं धोत्र्याचं तण वैरणीत आल्याचं कारण ग्राह्य धरून प्रकरण गुपचूप मिटवलं, आणि वर्षभरानं ते वृत्तपत्रातून बाहेर आलं तेव्हा सगळ्यांचाच विश्वास डळमळला. कारण खरंही असेल. पण बंद दाराआड मान्य केलेलं खरं कारणसुद्धा संशयच वाढवतं.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो दयेच्या भाषेत येतो. घोड्याला दुखत असताना औषध नाकारणं ही क्रूरता नाही का? औषध कुणीच नाकारत नाही. नियम एवढंच म्हणतो, की औषध द्या आणि घोडा उभा ठेवा. वेदना ही घोड्याच्या पायाची राखण आहे. भरधाव दौडीत सारं वजन क्षणभर एका पायावर येतं; त्या पायातल्या नळीच्या हाडात बारीक भेग असेल तर दुखरा घोडा पाय जपून टाकतो, आणि फेनिलब्युटाझोनसारखं वेदनाशामक दिलेला घोडा तो पूर्ण ताकदीनं आपटतो. कॅलिफोर्नियात १९९० पासून रेसकोर्सवर मेलेल्या घोड्यांचं शवविच्छेदन होतं. प्राणघातक अस्थिभंगांपैकी बहुसंख्य ठिकाणी आधीच्या इजेच्या खुणा आढळल्या. हाड त्या दिवशी मोडलं, पण झिजत बरेच दिवस होतं. २०१८ च्या डिसेंबरपासून २०१९ च्या जूनपर्यंत एकट्या सँटा अनिता रेसकोर्सवर ३० घोडे गेले. सगळा दोष औषधांचा नव्हता, पाऊस आणि धावपट्टीचाही होता. पण त्यानंतर तिथल्या औषधनियमांना धार आली. सांध्यात कॉर्टिकोस्टेरॉइड टोचल्यावर १४ दिवस घोडा शर्यतीत उतरवायचा नाही, हा आंतरराष्ट्रीय नियमही याच विचारातून आला आहे. सूज उतरवणाऱ्या औषधाखाली नेमकं काय दडलं आहे, ते उघडं पडायला वेळ द्यावा लागतो.

आता कामाचं बोलू. डॉक्टर सांगतात तो "औषध किती वेळ सापडतं" हा आकडा आणि "किती वेळ थांबावं" हा निर्णय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सर्वांत जास्त घात इथंच होतो. युरोपातल्या प्रयोगशाळांनी फेनिलब्युटाझोनसाठी १६८ तास आणि फ्लुनिक्सिनसाठी १४४ तास जाहीर केले आहेत. हे आकडे मोजक्या, निरोगी घोड्यांना ठरावीक मात्रा देऊन काढलेले असतात. तुमचा घोडा म्हातारा असेल, मात्रा जास्त दिली असेल, औषध दुसऱ्या कंपनीचं असेल, तर तो आकडा तुमचा राहत नाही. त्यात पशुवैद्यानं स्वतःच्या अंदाजानं भर घालायची असते. १९६८ च्या केंटकी डर्बीत डान्सर्स इमेज पहिला येऊनही फेनिलब्युटाझोनमुळे बाद झाला, आणि औषध सहा दिवस आधी दिल्याचं सांगितलं गेलं होतं. घोड्याचं ठाणही तपासा. फ्लुनिक्सिन मूत्रातून बाहेर पडून अंथरुणाच्या गवतात राहतं, घोडा तेच गवत चघळतो आणि उतरलेलं औषध पुन्हा रक्तात चढतं. म्हणून औषध बंद केलं की अंथरूणही बदलावं. नावावरून फसू नये. प्रोकेन पेनिसिलिनमधलं पेनिसिलिन चालतं, पण त्यातलं प्रोकेन हे बधिर करणारं द्रव्य आहे आणि ते बरेच दिवस निघत राहतं. लेव्हामिसोल हे जंताचं औषध. घोड्याच्या शरीरात त्यातून अ‍ॅमिनोरेक्स हे उत्तेजक तयार होतं. "आयुर्वेदिक आहे, काही होत नाही" हे वाक्य तबेल्यात फार ऐकू येतं, आणि त्यावर तर अजिबात विसंबू नये. कुचल्यात स्ट्रिक्निन असतं, सर्पगंधेत रेसर्पिन. घोड्यांच्या प्रयोगशाळा दोन्ही ओळखतात.

माणसांची औषधंही घोड्यापर्यंत पोचतात. मोतद्दारानं दुखऱ्या गुडघ्याला बाम चोळला, हात न धुता घोड्याच्या ओठांशी गूळ धरला, की झालं. मिरचीतलं कॅप्सायसिन अशा मलमांत असतं; २००८ च्या ऑलिंपिकमध्ये त्याच द्रव्यापायी नॉर्वेच्या अश्वसंघाचं कांस्यपदक गेलं. लघवीला दूर जायला नको म्हणून कुणी ठाणातच उभा राहिला, तर त्याच्या गोळ्यांचे अंश गवतावर येतात. यात मोतद्दाराला बोल लावणं मला मुळीच पटत नाही. पहाटे चारला खरारा हातात घेणाऱ्या माणसाला हात धुवायला नळ नसेल, जवळपास स्वच्छतागृह नसेल, तर चूक नळ न बसवणाऱ्याची आहे. नियम जबाबदारी ट्रेनरवर टाकतो ते त्यामुळेच रास्त. व्यवस्था बदलण्याची ताकद त्याच्याकडे असते. शर्यत संपल्यावर नमुन्याच्या खोलीत घोड्यापुढे मंद शीळ घालत, तो मूत्र सोडेपर्यंत ताटकळत उभा राहणारा तोच मोतद्दार असतो. नमुन्याचे दोन भाग होताना, त्यांवर लाख बसताना तो पाहत असतो. पण सहा दिवसांपूर्वी त्या घोड्याला काय टोचलं, हे पुष्कळदा त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

तेव्हा घोड्यात भागीदारी घेणाऱ्यांना माझी विनंती अशी. ट्रेनरला घोडा कधी जिंकेल हे विचारण्याआधी औषधांची वही दाखवायला सांगा. तारीख, वेळ, औषधाचं पूर्ण नाव, मात्रा, कुठं टोचलं, बाटलीचा बॅच क्रमांक आणि पशुवैद्याची सही एवढं तिच्यात असलं पाहिजे. खाद्याच्या प्रत्येक गोणीतला मूठभर नमुना तारीख घालून बाजूला ठेवला आहे का, तेही विचारा. आणि वही दाखवायला जो ट्रेनर कुरकुरेल, त्याच्याकडे घोडा ठेवू नका.