कोकण सहलीचं उलटं गणित

परीक्षा संपली की हॉस्टेलवर हमखास एक विषय निघतो : बाईकवर कोकण! नकाशा उघडतो, किलोमीटर मोजले जातात, पेट्रोलची वर्गणी ठरते. पण वाटेत खाडी असेल तर नुसत्या किलोमीटरवर प्लॅन टिकत नाही. रस्ता आपल्यासाठी थांबतो, फेरीबोट थांबत नाही.

उदाहरणासाठी टोकावड्याहून निघू. मुरबाड, म्हसा, कर्जत, खोपोली, पेण, अलिबाग, मुरूड असं करत आगरदांडा गाठायचं. समोर राजपुरीची खाडी. बोटीतून पलीकडे दिघी, मग श्रीवर्धन आणि हरिहरेश्वरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी बागमांडला ते वेसवी ही सावित्रीची खाडी आणि पुढे दाभोळ ते धोपावे ही वाशिष्ठीची. दाभोळची फेरीबोट २००३ साली सुरू झाली. ती चुकली तर गुहागरला जायला चिपळूणचा वळसा, तोही अंधारात.

१. बोटीपासून मागे या
प्रोजेक्ट मॅनेजमेंटमधला क्रिटिकल पाथ आठवा. समजा, आपल्याला दुपारी ३ ची बोट धरायची आहे. धक्क्यावर २.३० ला हवं. अंतर २०० किमी आणि वेग ताशी ४० धरला तर ५ तास. जेवण-चहा १ तास. पंक्चर, ट्रॅफिक, रस्त्याचं काम यांसाठी राखीव १ तास. एकूण ७. म्हणजे टोकावडं सकाळी ७.३० ला सोडायचं. राखीव तास झोपेत घालवायचा नाही! डोव्हरहून कॅलेला गाडी नेणाऱ्यांनाही हेच गणित करावं लागतं. तिथेही बोट सुटण्याआधीच चेक-इन बंद होतं.

२. बोट किती बुडते?
समजा, सपाट तळाच्या बोटीचं पाण्यालगतचं क्षेत्रफळ १५० चौरस मीटर आहे. १२ टन गाड्या चढल्या तर आर्किमिडीजच्या नियमाने बोट जेमतेम ८ सेंमी खाली जाते. म्हणून वजनापेक्षा वजनाची वाटणी महत्त्वाची. खलाशी सांगेल तिथेच गाडी लावा, गिअरमध्ये ठेवा. ओहोटीला उतार तीव्र आणि निसरडा असतो, तेव्हा डबलसीट चढू नका.

३. कालनिर्णय सोबत ठेवा
आपल्या किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा : तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ३, अष्टमीला ६. दिवसाही आणि रात्रीही. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी.

याचा खरा उपयोग हरिहरेश्वरला होतो. तिथली प्रदक्षिणेची वाट खडकांतून, समुद्राला लागून जाते. ती फक्त ओहोटीलाच करायची. भरतीच्या लाटांनी तिथे जीव गेले आहेत. अष्टमीला संध्याकाळी ६ ला पोहोचलात तर समोर पूर्ण भरती असेल. त्या दिवशी देवदर्शन करा आणि परत फिरा. पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी ओहोटी मिळते, पण तेव्हा उधाण असतं आणि पाणी झपाट्याने चढतं. ठोकताळ्यात तासाभराची चूक होऊ शकते, म्हणून शेवटचा शब्द गावकऱ्यांचा.

निघण्यापूर्वी बोटीच्या वेळा फोनवर विचारा, पावसाळ्यात तर नक्कीच. आणि दिवसाची शेवटची बोट प्लॅनमध्ये धरू नका. तिच्या आधीची धरा, शेवटची राखीव!